फ्रेम छान आहे, पण माणूस कुठाय?

२००७च्या दिवाळीत, ९ नोव्हेंबरला, दोन मोठे हिंदी सिनेमे एकाच दिवशी लागले. 'ओम शांती ओम' आणि 'सावरिया'. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि आम्हा सगळ्या भावंडांना शाहरुख बघायचा होता. दोन दिवसांनी थिएटरवर पोहोचलो तर त्याची तिकिटं संपलेली. एवढ्या लांब आलोय तर काहीतरी बघूनच जाऊ, म्हणून मावशीनं 'सावरिया'ची काढली.

पडद्यावर निळं शहर. कालवे, पूल, निऑनच्या पाट्या, रात्र. मग आणखी रात्र. मध्यंतराच्या थोडं आधी आई माझ्या कानात म्हणाली, "ह्या गावात दिवस उजाडतच नाही का रे?" आणि थोड्या वेळानं, "ह्या मुलाला पगार कोण देतं?" आई पतसंस्थेत कॅशियर होती. पैसे कुठून आले आणि कुठे गेले, हे तिला कळल्याशिवाय चैन पडत नसे. आम्ही खूप हसलो. पुढची कित्येक वर्षं 'ह्याला पगार कोण देतं' हा आमच्या घरातला चालू विनोद होता.

मग मी इंजिनीअरिंगला गेलो. होस्टेलवर सीनिअरकडून एक टीबीची हार्ड डिस्क मिळाली, तिच्यात 'वर्ल्ड सिनेमा' नावाचा फोल्डर होता. सहा महिन्यांत मी 'मूड', 'टेक्स्चर', 'व्हिज्युअल पोएट्री' वगैरे बोलायला लागलो. 'सावरिया' पुन्हा पाहिला आणि ठरवून टाकलं की हा सिनेमा आपल्या लोकांना झेपला नाही. सुट्टीत घरी आलो तेव्हा लॅपटॉपवर आईला पुन्हा दाखवायला बसलो. तिनं पुन्हा तेच विचारलं. ह्या वेळी मी हसलो नाही. म्हणालो, "आई, हा स्टोरीवाला सिनेमा नाहीये. तुला नाही कळणार."

ती "बरं" म्हणाली आणि गॅस बंद करायला उठली. त्यानंतर मी कुठलाही सिनेमा लावला की ती फक्त विचारायची, "किती वेळाचा आहे?" बाकी काही नाही.

ते वाक्य मला मागे घ्यायचंय. आणि नुसतं मागे घ्यायचं नाही, तर आईचा प्रश्न बरोबर होता आणि माझी सगळी शब्दसंपत्ती त्या प्रश्नापासून पळण्यासाठी होती, हे सिद्ध करायचंय. कारण हे वाक्य मी एकटाच बोलत नाही. माझ्या वयाची निम्मी सिनेमाप्रेमी मंडळी बोलतात. सिनेमात माणूस सापडला नाही अशी कोणी तक्रार केली, की आपण म्हणतो, 'तुला प्लॉट हवाय.' समोरचा गप्प होतो. आपण जिंकतो. आणि एका आळशी सिनेमाला पळून जायला वाट मिळते.

आधी एक गोष्ट साफ करतो. मला सुंदर दिसणाऱ्या सिनेमांचं वावडं नाही. संथ सिनेमांचं नाही, कथानक नसलेल्या सिनेमांचंही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की स्वप्नाळू दृश्यांनी भरलेल्या सिनेमात ते स्वप्न कोणाचं आहे हे कळलं पाहिजे. ते कळत नसेल, तर समोर आहे तो वॉलपेपर.

आता पुरावा. आम्ही कामावर दोन डिझाइनपैकी कुठलं चांगलं हे ठरवताना बाकी सगळं तेच ठेवतो आणि एकच गोष्ट बदलून बघतो. सिनेमात असा प्रयोग सहसा करता येत नाही, कारण प्रत्येक सिनेमाची गोष्ट वेगळी. पण 'सावरिया'च्या बाबतीत करता येतो. त्याची मूळ गोष्ट म्हणजे दस्तयेव्हस्कीची 'व्हाइट नाइट्स' ही १८४८ सालची दीर्घकथा. पीटर्सबर्गमधला एक एकटा तरुण, रात्री भेटलेली एक मुलगी, ती वर्षभर ज्याची वाट बघतेय तो दुसरा पुरुष, आणि मोजक्या रात्री. ह्याच गोष्टीवर लुकिनो व्हिस्कोन्तीनं १९५७ साली इटलीत 'ले नोत्ती बियांके' केला. रोबेर ब्रेसाँनं १९७१ साली पॅरिसमध्ये 'फोर नाइट्स ऑफ अ ड्रीमर' केला. आणि २००७ साली संजय लीला भन्साळीनं 'सावरिया'. एक गोष्ट, तीन दिग्दर्शक.

त्यातही व्हिस्कोन्ती आणि भन्साळी यांची तुलना अगदी चोख होते, कारण दोघांनीही अख्खं शहर स्टुडिओत उभारलं. दोन्हीकडे कालवे, पूल, रात्र. दोन्हीकडे खोटं शहर. म्हणजे 'सेट होता म्हणून जीव नव्हता' ही सबब आधीच बाद.

व्हिस्कोन्तीचा मारिओ पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो साहेबाच्या कुटुंबाबरोबर रविवारची सहल करून परतलेला असतो. साहेबाच्या घरच्यांशी हसून बोलायचं, निरोप घ्यायचा, आणि मग एकटं रस्त्यानं फिरायचं. नव्या गावात नोकरीसाठी आलेल्या कुणालाही ही संध्याकाळ ओळखू येईल. मी स्वतः पुण्यात आल्यावर पहिले चार महिने अशाच काढल्यात. मारिओ बोर्डिंग हाऊसमध्ये राहतो. मार्चेल्लो मास्त्रोयान्नीसारखा देखणा नट आहे, तरी अंगात सगळा अवघडलेपणा. मधे एका बारमध्ये तरुण पोरं रॉक अँड रोलवर नाचत असतात आणि ह्यालाही मुलीसमोर नाचावं लागतं. त्याला नाचता येत नाही. तो तरी नाचतो, आणि काही क्षण खरोखर खूश होतो. शेवटी बर्फ पडतो. बर्फ अर्थातच स्टुडिओतला. पण त्या क्षणी मारिओला वाटत असतं की ही मुलगी आता आपली झाली, त्यामुळे तो बर्फ त्याच्या आनंदाचा असतो. मग पुलावर दुसरा माणूस उभा दिसतो. ती धावत जाते. बर्फ तसाच पडत राहतो आणि आता तो बघवत नाही. फ्रेम बदललेली नाही. फ्रेममधल्या माणसाचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, एवढंच.

आता 'सावरिया'. राजही नव्या गावात आलाय. तोही एकटा आहे. तो आरके बारमध्ये गातो. पण गाणं हे त्याचं काम आहे असं कधी वाटत नाही. उशीर झाला म्हणून त्याला कोणी बोललंय, पैसे कमी पडले म्हणून त्याचं काही अडलंय, असं मला दिसलं नाही. त्याचा एकटेपणाही कपड्यासारखा अंगावर छान बसलेला. सकीना पुलावर छत्री घेऊन उभी असते, सुंदर दिसते, पुन्हा उभी असते, पुन्हा सुंदर दिसते. तिचं रडणंसुद्धा आधी प्रकाशाला विचारून येतं. ह्या सिनेमात एकच जागा आहे जिथे मला श्वास घेतल्यासारखं वाटतं: झोहरा सेहगलची म्हातारी लिलियन. का? कारण तिच्याकडे भाड्यानं द्यायची खोली आहे, आणि एक मुलगा आहे जो परत आलेला नाही. खोली द्यायची का नाही, एवढ्याशा प्रश्नानं दृश्यात जीव येतो. बाकी ठिकाणी निळा रंग आहे.

तिसरा प्रयोग ब्रेसाँचा. त्यानं सेट बांधलाच नाही. खरं पॅरिस, खरा पूल, खरी रहदारी. त्याचा नायक जाक चित्रकार आहे आणि त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर आहे. त्यात तो स्वतःच्याच आवाजात त्या मुलीचं नाव पुनःपुन्हा रेकॉर्ड करतो आणि बसमध्ये बसून ते ऐकतो. शेजारच्या बायका बघायला लागतात. हसूही येतं आणि लाजही वाटते, कारण आपण सगळ्यांनी मोबाइलवर काही ना काही असं केलेलं आहे. ह्याच सिनेमात रात्री नदीतून दिव्यांनी उजळलेली एक बोट संगीतासकट संथपणे जाते. स्वप्नवत म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असेल? पण ती बोट बघणारी दोन माणसं काठावर आहेत आणि त्यांना आपण ओळखतो.

म्हणजे सेट असो वा रस्ता, दोन्हीकडे सिनेमा उभा राहिला. पडला तो माणूस नसल्यामुळे.

मूळ दीर्घकथेत एक बारीकशी गोष्ट आहे. त्या मुलीची आंधळी आजी नातीनं कुठे जाऊ नये म्हणून तिचा कपडा पिनेनं स्वतःच्या कपड्याला अडकवून ठेवते. एकदा घरातला भाडेकरू खोलीत येतो, मुलगी पिन विसरून उठायला जाते, आणि आजीची खुर्चीच हलते. पोरीची लाज, तिचं वय, तिची कैद आणि त्या माणसाबद्दल वाटायला लागलेलं आकर्षण, सगळं एका पिनेत येतं. ह्या कथेइतकी स्वप्नाळू कथा रशियन साहित्यात कमी असतील. पण ते स्वप्न एका पिनेनं खऱ्या कपड्याला टाचलेलं आहे. म्हणून पावणेदोनशे वर्षं ते उडून गेलं नाही.

'भन्साळीला जमतच नाही' असं मी म्हणत नाहीये. त्याला जमतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. त्याचा पहिला सिनेमा आठवा: 'खामोशी', १९९६. गोव्यातलं एक मूकबधिर जोडपं आणि त्यांची ऐकू येणारी, गाणारी मुलगी. नाना पाटेकरचा जोसेफ दारोदार साबण विकतो आणि त्याची लहान मुलगी त्याच्या वतीनं बोलते. तिथेही समुद्र आहे, गाणी आहेत, देखणे प्रकाश आहेत. पण घर कसं चालतं हे माहीत असल्यामुळे मुलगी घर सोडून गेली तर ह्या दोघांसाठी बोलणार कोण, हा प्रश्न आपल्याही पोटात गोळा आणतो. माझ्या आईनं 'खामोशी' बघताना पगाराचं विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला: 'सिनेमा हे दृश्य माध्यम आहे. गोष्ट हवी असेल तर कादंबरी वाच.' ठीक. पण दृश्य म्हणजे कोणीतरी बघितलेलं काहीतरी. नुसता रंग आणि नुसती रचना चित्रकलेत पुरते, कारण चित्रासमोर मी हवा तितका वेळ उभा राहू शकतो, हवं तेव्हा निघू शकतो. सिनेमा मला दोन तास खुर्चीत बसवतो. त्या वेळात एखाद्या माणसावर काहीतरी गुदरणार नसेल, तर वेळ वापरलाच कशाला? फोटोंचं प्रदर्शन भरवा, मी आनंदानं येईन.

दुसरा: 'तुला प्लॉट हवाय.' नकोय. वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) घ्या. त्यात घडतं काय? १९६२च्या हाँगकाँगमधले दोन शेजारी. त्याची बायको आणि तिचा नवरा यांचं एकमेकांशी जुळलंय, हे त्यांना कळतं. ते दोघे भेटतात, बोलतात, आणि बहुतेक गोष्टी करत नाहीत. बस. ती डबा घेऊन नूडल्स आणायला जिना उतरते ते स्लो मोशन आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. पण ते दृश्य रुतून बसतं ते तिच्या रेशमी पोशाखामुळे नाही. नवरा घरी नाही, एकटीसाठी काय शिजवायचं, म्हणून ती रोज बाहेरून खायला आणते, हे माहीत असल्यामुळे. एकदा शेजारी अचानक परत येऊन पत्त्यांसारखा माजाँग मांडून बसतात आणि ही दोघं त्याच्या खोलीत अडकतात. बाहेर निघालं तर लोक काय म्हणतील! चाळीत राहिलेल्या कुणालाही ह्याचं सबटायटल लागणार नाही. कथानक जवळपास नाही. माणसं मात्र इतकी आहेत की गुदमरायला होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त आवडतो: 'अरे, हे स्वप्नासारखं आहे. स्वप्नात कुठे लॉजिक असतं?' मी ह्यावर खरंच विचार केला, कारण मला रोज स्वप्नं पडतात. पदवी मिळून सहा-सात वर्षं झाली, तरी अजून महिन्यातून एकदा मी एम-थ्रीच्या पेपरला बसतो. हॉल तिकीट सापडत नाही. वर्ग दुसऱ्याच इमारतीत असतो. सुपरवायझर म्हणून कधी आमचा मॅनेजर असतो, कधी वारलेले आजोबा. लॉजिक शून्य. पण त्या स्वप्नात मला नेमकं ठाऊक असतं की काय हवंय आणि काय हातातून जाणार आहे. घाम फुटून जाग येते. निव्वळ निळा रंग आणि धुकं असलेलं स्वप्न मला आजवर पडलेलं नाही. तुम्हाला पडलंय? स्वप्नाइतकी खासगी, इतकी एकाच माणसाला चिकटलेली गोष्ट दुसरी नाही. तेव्हा हे सिनेमे स्वप्नवत आहेत हेच मला मान्य नाही. स्वप्नाच्या मानानं ते फारच निवांत आहेत.

मग आपल्याला ते आवडतात का? मला का आवडत होते? ह्याचं उत्तर मला कामावर मिळालं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका क्लायंटसाठी डेमो बनवला होता. ग्राफ मऊसर हलायचे, रंग झकास, लोडिंगचं ॲनिमेशन तर असं की लोड होऊच नये. आकडे सगळे मी हातानं टाकलेले. मागे डेटाबेस नव्हता, काहीच नव्हतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त एका बाईंनी विचारलं, "इथे माझ्या गोडाऊनचा आकडा टाकला तर काय दिसेल?" मी म्हणालो, "मॅडम, हा सध्या फक्त लुक अँड फील आहे." तोंडातून वाक्य गेलं आणि आठवलं की हेच मी आईला बोललो होतो, वेगळ्या शब्दांत. खऱ्या आयुष्यातला आकडा आत टाकला की जे कोसळतं, त्याला आपण 'लुक अँड फील' म्हणतो. सिनेमाच्या बाबतीत 'मूड' म्हणतो.

आणि हे निरुपद्रवी नाही. फोनवर आपण सिनेमा तुकड्यांनी बघतो. स्क्रीनशॉट, रील, वर एखादं गाणं. त्या तुकड्यात माणूस असो-नसो, फरक पडत नाही. हळूहळू तो नसण्याची सवय होते. कोकणातल्या कौलारू घरावरून ड्रोन जातो, खाली हिरवंगार, आपण हृदय टाकतो. त्या घरात कोण राहतं, की कुलूप लावून सगळे मुंबईला गेलेत, हे विचारायचं सुचत नाही. विचारणारा रसभंग करणारा ठरतो. 'पगार कोण देतं' हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला आपण अडाणी ठरवतो, आणि ज्याला कधी पगाराची चिंता पडली नाही त्याच्या डोळ्यांना 'सौंदर्यदृष्टी' म्हणतो. माझी चिडचिड ह्या ठिकाणी आहे.

म्हणून मागच्या वर्षी घरी गेलो तेव्हा आईला पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' दाखवला. २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला हा सिनेमा. बराचसा मल्याळममध्ये आहे, म्हणून सबटायटल्स मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो. इथेही रात्र आहे, पाऊस आहे, मुंबईवर पसरलेला निळा रंग आहे. धूसर, संथ, जवळपास तरंगणारा सिनेमा. स्क्रीनशॉट काढायचे तर शंभर निघतील. मी मुद्दाम काही बोललो नाही.

प्रभा नर्स आहे. नवरा जर्मनीत, त्याचा वर्षभरात फोन नाही. एक दिवस पार्सलमधून राइस कुकर येतो. रात्री ती तो लालभडक कुकर जमिनीवर बसून मिठीत घेते. आई म्हणाली, "चिठ्ठी पण नाही टाकली मेल्यानं?" मग छाया कदमची पार्वती येते. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी. बिल्डर तिला राहत्या घरातून काढतोय आणि नवरा गेल्यामुळे घर आपलं असल्याचा कागद तिला दाखवता येत नाही. ह्यावर आईनं मला सिनेमा थांबवायला लावला. "बँकेत बघितलं का तिनं? रेशनकार्डावर पत्ता असेल ना? लाइटबिल?" पाच मिनिटं ती पार्वतीची केस लढवत होती. पुढे पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात तेव्हा ती खुदकन हसली. पार्वती सगळं सोडून रत्नागिरीकडे गावी जाते. तिथे किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका माणसाला प्रभा वाचवते, आणि मग तो माणूस तिच्याशी तिचा नवरा असल्यासारखा बोलायला लागतो. खरं की भास, सिनेमा सांगत नाही. संपूर्ण स्वप्न. मला धाकधूक होती की आता आई म्हणणार, हे काय मधेच?

ती काही म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं एवढंच बोलली, "तिला एकदा त्याला सांगायचं होतं ना. सांगून झालं."

कोणत्याही 'व्हिज्युअल पोएट्री'वाल्या लेखात मी त्या दृश्याबद्दल ह्याहून नेमकं वाचलेलं नाही. जिला 'नाही कळणार' म्हणालो होतो, तिला स्वप्न कळलं, कारण ते कोणाचं आहे हे तिला आधी सांगितलं गेलं होतं. कुकर, कागद, न आलेला फोन. ह्या तीन पिना होत्या.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे एखाद्या सिनेमाला 'काय फ्रेम्स आहेत यार' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मीही म्हणेन. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य बोला: ह्या फ्रेममध्ये कोण आहे, आणि त्याचं काय अडलंय. दुसरं वाक्य सुचलं नाही, तर दोष शेजारी बसून प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा नाही. आणि त्याला गप्प तर अजिबात करू नका. एकदा गप्प झालेल्या माणसाला पुन्हा बोलतं करायला फार वेळ लागतो. मला जवळपास दहा वर्षं लागली.

परवा फोनवर आईनं विचारलं, "पुढच्या वेळी कुठला आणतोयस?" मी नाव सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला, "त्यात ती लोकं काम काय करतात?"